भुईतल्या पाण्याचा नकाशा

नदीचे पाणी दिसते. तळ्याचे पाणी दिसते. ते वाढले की घटले, हे लहान पोरही सांगेल. पण भुईच्या पोटातले पाणी दिसत नाही. त्याची वाढघट कशी ओळखावी?

“त्यात काय मोठं? विहिरीत डोकावलं की कळतं,” असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण एका विहिरीवरून त्या एका विहिरीचेच कळते. साऱ्या शिवाराचे कळत नाही. शिवाराचे कळायचे तर पुष्कळ विहिरी मापाव्या लागतात. ती मापे कागदावर मांडावी लागतात. यालाच भूजल पातळीचा नकाशा म्हणतात. तो कसा करतात आणि आपल्या काय उपयोगी पडतो, ते आता पाहू.

पाणी राहते कुठे?

आपला परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात आहे. दुधना पूर्णेला मिळते. पूर्णा गोदावरीला मिळते. उत्तरेला जिंतूरकडे डोंगर आहेत. दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाचे डोंगर आहेत. मधले बहुतेक रान काळ्या मातीचे.

काळ्या मातीखाली मुरूम लागतो. मुरमाखाली दगड लागतो. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. भुईच्या पोटातून तापलेला रस वर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर बसले. कुठे घट्ट काळा पाषाण झाला, तर कुठे बारीक भोकांचा मांजऱ्या दगड झाला. घट्ट पाषाणात भेगा असतील तरच पाणी असते. मुरूम आणि झिजलेला मांजऱ्या दगड पाणी धरून ठेवतात.

पण किती धरतात? शंभर घागरी मावतील एवढा मुरमाड दगड घेतला, तर त्यातून विहिरीला साधारण दोन घागरी पाणी सुटते. कुठे एक, कुठे तीन. कोठी अशी लहान आहे. म्हणून चांगला पाऊस झाला की आपल्या विहिरी लवकर भरतात. उपसा वाढला की लवकर तळ गाठतात.

आता एक हिशेब करू. शंभर हेक्टर, म्हणजे सुमारे अडीचशे एकर शिवार घ्या. तिथे भुईतल्या पाण्याची पातळी एक मीटर वर आली. तर पाणी किती वाढले? शेकडा दोन धरले, तर दोन कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो. पण एक हेक्टर रान एकदा नीट भिजवायला सुमारे साडेसात लाख लिटर पाणी लागते. म्हणजे शंभर हेक्टरांखालच्या त्या मीटरभर पाण्यात जेमतेम सव्वीस हेक्टर भिजतात, आणि तेही एकदाच. म्हणून मीटर-मीटरचा हिशेब ठेवावा लागतो.

विहीर कशी मापावी?

विहिरीच्या काठावर रंगाची एक खूण करतात. दरवेळी त्याच खुणेपासून टेप खाली सोडतात. आज या कोपऱ्यातून आणि उद्या त्या कोपऱ्यातून मापले, तर मापांचा मेळ बसत नाही. माप सकाळी घ्यावे, मोटार सुरू होण्याआधी. रात्रभर विहिरीला विसावा मिळतो, झरे भरतात आणि पाणी आपल्या खऱ्या पातळीला येते. मग वहीत तारीख, विहिरीचे नाव आणि पाणी किती मीटर खोल आहे, एवढे लिहावे.

खोल बोअरचे माप विहिरींच्या मापांत मिसळू नये. बोअरचे पाणी पुष्कळदा खालच्या निराळ्या थरातले असते. वरच्या माळवदावरचे आणि खालच्या तळघरातले धान्य एका मापात मोजून कसे चालेल?

हे काम सरकारही करते. १९७० नंतर थोड्याच काळात महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिने जागोजागी निरीक्षणाच्या विहिरी ठरवल्या आहेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत त्यांची पातळी मापतात. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. पाऊस किती झाला तेही पाहतात. त्यावरून पुढे कोणत्या गावांत पाणीटंचाई होईल, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

नकाशा कसा काढावा?

समजा, एका शिवारात तीन विहिरी आहेत. एक माळावर, एक मधल्या रानात आणि एक नदीकाठी. ऑक्टोबरात माळावर पाणी १४ मीटर खोल आहे, मधल्या रानात ८ मीटर आणि नदीकाठी ४ मीटर. आता सांगा, पाणी कोणत्या विहिरीत सर्वांत उंच आहे? “नदीकाठच्या,” असे चटकन तोंडात येते. पण थांबा. माळ स्वतःच उंच आहे. म्हणून आधी जमिनीची उंची धरावी लागते.

उंची मापतात समुद्राच्या पाण्यापासून. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीच ही उंची. समजा माळ ४३० मीटर उंच, मधले रान ४१८ मीटर आणि नदीकाठ ४०८ मीटर. आता वजाबाकी करा.

माळ : ४३० वजा १४, म्हणजे ४१६.
मधले रान : ४१८ वजा ८, म्हणजे ४१०.
नदीकाठ : ४०८ वजा ४, म्हणजे ४०४.

पाहा बरे! सर्वांत खोल दिसणारे माळावरचे पाणीच सर्वांत उंच निघाले. पाणी उंचावरून सखल भागाकडे जाते. म्हणजे भुईच्या पोटातही पाणी माळाकडून नदीकडे हळूहळू झिरपत असते.

अशा पुष्कळ विहिरींचे आकडे नकाशावर आपापल्या जागी मांडतात. मग सारख्या उंचीच्या जागा रेघेने जोडतात. तळ्याचे पाणी ओसरू लागले की काठावर एकाखाली एक रेघा उमटतात. या रेघाही तशाच. प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याची एक उंची.

मे महिन्यात पुन्हा मापतात. समजा, तेव्हा माळावर पाणी २२ मीटर खोल गेले, मधल्या रानात १३ आणि नदीकाठी ५. म्हणजे माळावर पातळी ८ मीटर उतरली, मधे ५ आणि नदीकाठी फक्त १. ही उतार-चढाची मापे रंगवली की बदलाचा नकाशा झाला. जिथे पाणी फार उतरले तिथे लाल रंग, जिथे वर आले तिथे निळा.

नकाशा काय सांगतो?

ऑक्टोबरची मेशी तुलना केली, तर वर्षात किती पाणी सरले ते कळते. ते सगळे पिकांनीच प्यायले असे नाही. काही नदीकडे झिरपून गेलेले असते. यंदाच्या ऑक्टोबरची मागच्या ऑक्टोबरांशी तुलना केली, तर कोठी सालोसाल भरते की रिकामी होत चालली, ते कळते. मात्र एका सालावरून निकाल देऊ नये. पाऊस कमी झाला तर पातळी उतरणारच. पण चांगला पाऊस होऊनही चार-पाच वर्षे लाल डाग पसरत असेल, तर उपसा भरणीहून जास्त आहे हे नक्की.

पाणी वर आले म्हणजे सगळे चांगलेच, असेही नाही. आपल्याकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी येते. कालव्याखालच्या काळ्या रानात पाणी मुळांपर्यंत चढले, तर मुळे गुदमरतात. क्षार वर येतात आणि जमीन चोपण होते. तिथे चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते. एकाच तालुक्यात एका शिवाराला पाणी अडवायला हवे आणि दुसऱ्याला काढून द्यायला हवे, हे नकाशाच दाखवतो.

आता बोअरचे पाहा. विहीर आटली की माणूस उसने-पासने करून, सावकाराचे काढून बोअर घेतो. पाणी लागले नाही तर दुसरा घेतो. ज्या शिवारात नकाशा लाल आहे, तिथे नव्या बोअरने नवे पाणी तयार होत नाही. पुष्कळदा शेजाऱ्याचेच पाणी इकडे ओढले जाते. मग शेजारी त्याहून खोल जातो. कर्ज दोघांच्या डोक्यावर, आणि पाणी कुणालाच नाही. महाराष्ट्राच्या २००९ सालच्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आहे, आणि शेतीसाठी तशा विहिरीला मनाई केली आहे. कायदा आहे. पण कायद्याआधी गावाला समजूत हवी.

एप्रिल २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शहराला रेल्वे आली. वाडी-वस्तीला रेल्वे कुठून येणार? तिथे बाया-पोरींच्या डोक्यावरची घागर दूर दूर जाते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तिथले लोक पाऊस आणि विहिरींचे पाणी मापतात. प्यायचे पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यात कोणते पीक निभेल ते सभेत ठरवतात. शेतीसाठी बोअर घेत नाहीत.

हे आपल्यालाही करता येईल. माळावरच्या, मधल्या आणि नदीकाठच्या मिळून दहा-बारा विहिरी निवडा. काठांवर खुणा करा. ऑक्टोबरात एकाच दिवशी सकाळी सगळ्या मापा. जमिनीची उंची माहीत नसली तरी अडत नाही. पाणी किती उतरले, एवढे त्या मापांतूनच निघते. ती मापे चावडीच्या भिंतीवर लिहा, म्हणजे सगळ्यांना दिसतील. ऊस लावायचा की हरभरा-ज्वारी, हे ठरवण्याआधी तो आकडा वाचा. आता तुम्हांला आकडे लिहिता येतात, वाचता येतात. ती विद्या विहिरीच्या काठावर कामाला लावा. विहीर ज्याची त्याची असते, पण खालचे पाणी साऱ्या गावाचे असते.