ओढ कुणाची, नजर कुणाची

दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्यांची लगबग सुरू होते. गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत मंडईची जत्रा भरते आणि रात्रभर नाटक चालतं. आमच्या या झाडीपट्टीत पूर्वी दंडार या लोकनाट्यात पुरुषच लुगडं नेसून नाचत. मग नाटकांत नट्या आल्या, पुढे प्रवेशांच्या मधे लावण्याही आल्या. संसारी नायिकेने सोसायचं, रडायचं. शरीराची ओढ बोलून दाखवायची ती नाचणारीने. ही वाटणी मला फार दिवस खटकते आहे, कारण मराठी सिनेमाही तिच्यावरच पोसला.

१९३८च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या, तेव्हा केवढी खळबळ उडाली! पण अत्र्यांच्या त्या कथेतली किशोरी स्वतःहून पुढाकार घेते, हे त्या गदारोळात मागे पडलं. पुढची काही दशकं पडद्यावर इच्छा दिसली ती मुख्यतः तमाशाच्या फडात: ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२). ‘पिंजरा’त मास्तर ढासळतो आणि त्याला ओढणारी असते तमासगिरीण. दादा कोंडक्यांनी द्वयर्थी संवादांनी थिएटरं भरली. गावातली चावट बोली त्यांनी पडद्यावर आणली, बाईचं मन मात्र त्यात क्वचितच आलं.

ते आलं ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७). नको असलेला नवरा सोडून नाग्यावर उघड जीव लावणारी स्मिता पाटीलची चिंधी ठाकर आदिवासी आहे, रायगडच्या डोंगरातली. तिच्या हट्टात लाज नाही की अपराधही नाही. सात वर्षांआधी सत्यजित राय यांनी पलामूच्या जंगलात घडणाऱ्या आपल्या बंगाली चित्रपटात सिमी गरेवालला काळा रंग फासून दुली ही संथाळ बाई केली होती. शहरी पुरुषाला भुरळ पडावी, एवढंच त्या दुलीचं काम. राय यांच्याएवढा मोठा दिग्दर्शकही तिथे तोकडा पडला, असं मला वाटतं.

‘उंबरठा’ने (१९८२) महिलाश्रमातल्या दोन बायकांची जवळीक दाखवली, तीही संस्थेपुढची अडचण म्हणून. ‘जोगवा’ (२००९) आणि ‘नटरंग’ (२०१०) यांनी पुरुषाच्या अंगावरच्या लुगड्याकडे गंभीरपणे पाहिलं. ‘नटरंग’मध्ये नाच्या झालेल्या गुणावरचा बलात्कार पाहताना दंडारीच्या मुलखातल्या प्रेक्षकाला तो पोशाख परका वाटत नाही; हिंसेने मात्र हादरा बसतो. ‘बालक-पालक’ने (२०१३) व्हीसीआरपुढे बसलेल्या पोरांची उत्सुकता घराघरांत चर्चेला आणली. आणि रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. वडिलांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या यांचं प्रेम तिथे कुणाला समजावून सांगितलेलं नाही. ते आहे, एवढंच.

आमच्या जंगलापर्यंत हा बदल अजून पोचलेला नाही. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ (२०१४) या चित्रपटात इथली माडिया आदिवासी माणसं दिसतात, पण रुग्ण म्हणून. गोटुलाचं नाव काढलं की बाहेरच्याचे डोळे चमकतात. व्हेरिअर एल्विनच्या मुरिया आदिवासींच्या गोटुलावरच्या, म्हणजे तरुण मुलामुलींच्या एकत्र घरावरच्या पुस्तकाचं (१९४७) अर्धंमुर्धं ऐकीव ज्ञान त्याला पुरतं. आमच्या भामरागडकडच्या माडिया गोटुलात मात्र गावाची बैठक बसते, पाहुणा उतरतो. आवडलेला मुलगा निवडणारी, त्याच्याशी भांडणारी, त्याला सोडणारी माडिया नायिका मला पडद्यावर अजून भेटलेली नाही. ती गोष्ट माडिया मुलीनेच लिहावी आणि माडियात बोलावी. मराठी अक्षरं खाली चालतील.