पूर ओसरल्यावर

अमळनेरच्या बोरी नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे असते. वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा याच वाळवंटात भरते. पावसाळ्यात मात्र तेथूनच गढूळ लोंढे वाहतात. खानदेशातील नद्या अशाच आहेत. धुळ्याच्या पांझरेला १८७२ साली मोठा पूर आला, तेव्हा घरांची व मालमत्तेची फार हानी झाली.

पाणी उतरले की लोक घाईने घरी परततात. पण पूर गेला म्हणजे संकट गेले असे नाही. उरलेले धोके डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, एवढेच!

पहिला धोका भिंतींचा. आपल्याकडे मातीच्या भिंतींची, धाब्याची घरे अजून आढळतात. पाणी मुरले की मातीच्या कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि भिंतीचे वजन मात्र वाढते. बाहेरचे पाणी उतरताच तिला त्याचा आधारही उरत नाही. म्हणून पुरात उभी राहिलेली भिंत पूर ओसरल्यावर कोसळू शकते. भेगा पडलेल्या किंवा फुगलेल्या भिंतीजवळ जाऊ नये.

दुसरा धोका विजेचा. शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक आहे. पण पुराच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. ओल्या जमिनीवर उभे राहून बटणांना हात लावू नये. मुख्य स्विच कोरड्या जागी असेल तर तो मोठ्या माणसाने बंद करावा. नसेल तर वायरमनला बोलवावे.

तिसरा धोका चिखलाचा. उंदीर, गुरे व कुत्री यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे मळसूत्रासारखे जंतू पाण्यात येतात आणि आपल्या अंगावरील जखमेतून किंवा ओरखड्यातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर शहरात या रोगाची साथ पसरली. म्हणून गाळात उतरताना गमबूट व रबरी हातमोजे घालावेत, जखम झाकावी आणि काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर आपण पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अडगळ काढताना आधी काठीने हलवावी. तेथे साप दडलेला असू शकतो.

जंतू मारण्यासाठी ब्लिचिंग पावडर वापरतात. पण ती चिखलावर नुसती भुरभुरून भागत नाही. असे का? तिच्यातील क्लोरीन जंतूंप्रमाणेच शेण, कुजका पाला अशा सेंद्रिय पदार्थांवरही क्रिया करतो. चिखलातच तो खर्ची पडला, तर जंतूंसाठी उरणार काय? म्हणून आधी गाळ खरवडून काढावा, जमीन साबणाने धुवावी आणि मग पावडरीचे द्रावण वापरावे. फरशी धुण्याचे आम्ल त्यात मुळीच मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

विहिरीचेही तसेच. आधी गढूळ पाणी उपसावे. मात्र विहिरीत उतरू नये. तेथील हवेत प्राणवायू कमी असू शकतो. नवे, स्वच्छ पाणी आल्यावर हजार लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पावडर लागते. विहीर ४ मीटर व्यासाची व पाणी ५ मीटर खोल असेल, तर पाणी किती?

३.१४ × २ × २ × ५ = ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर.

त्याला सुमारे १५७ ग्रॅम पावडर लागेल. ती बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे. तासाभरानंतरही लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. आरोग्य कर्मचारी तो तपासून देतात. तोवर पाणी उकळून प्यावे.

गाळ उपसणे हे मोठ्यांचे काम. पण वर्गात शिकलेले हे गणित त्या दिवशी तुम्हीच त्यांना करून द्या!