ऊस कारखान्याला, पण एक पट्टा चुलीला



लागणीच्या नोंदी, तोडणीचा प्रोग्रॅम, बेणे, खते आणि ऊसबिल हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र वाट थोडी वाकडी करून आम्ही स्वयंपाकघरात शिरलो आहोत. सकाळची न्याहारी आणि दोन्ही वेळचे जेवण घरचे, साधे, आणि तेही दूध-दही-तूप, अंडी-मटण काही न घेता, निव्वळ रानात पिकणाऱ्या धान्या-भाजीवर भागते का? भागले तर प्रकृतीला मानवते का? परदेशात अशा आहाराला ‘व्हीगन’ म्हणतात. हे नाव इंग्लंडमध्ये १९४४ साली पडले.

हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. तो आमच्या घरात आपण होऊन आला. गेल्या पावसाळ्यात आम्ही रक्त तपासून घेतले, तर उपाशीपोटीची साखर १४२ निघाली. त्याच महिन्यात सूनबाईंना दूध सोसेना. पोट सारखे बिघडू लागले, म्हणून डॉक्टरांनी दुधाचे पदार्थ काही महिने बंद करायला सांगितले. म्हणजे एकाच घरात दोन पथ्ये. आमच्या मंडळींनी दोन दिवस ते निभावले आणि तिसऱ्या दिवशी सरळ सांगितले, “अहो, दोघांसाठी दोन चुली मी मांडणार नाही. आता सगळ्यांनीच बिनदुधाचं खायचं.”

ओसरीवर आमची आई बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, “त्यात काय नवीन? आम्ही पहिल्यापासून तेच खात आलो की रे.”

उजनीच्या आधीचे ताट

आईचे म्हणणे आम्ही नीट विचारून घेतले. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्यापुढे कालव्याचे पाणी जसजसे रानात आले तसतसा सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढत गेला. त्याआधी या काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी, हरभरा, करडई, जवस आणि तुरीचे पाटे असत. सकाळी शिळी भाकरी आणि शेंगाची चटणी, नाही तर हुलग्याचे माडगे. दुपारी रानात भाकरी, पिठले, कांदा आणि बांधावरची घोळ किंवा पाथरी. रात्री कण्या आणि तुरीचे वरण. तेल घाण्यावरचे, करडईचे. म्हैस आटली की घरात दुधाचा थेंब नसे, पण त्यासाठी कोणाचे काम अडले नाही.

आई पुढे हेही म्हणाली, “पोटभर मात्र रोज मिळायचं नाही, हे पण लिही.” ते खरे आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन दाखवण्याची गरज नाही. उसाने पक्की घरे दिली, पोरांची शिक्षणे झाली, लेकींची लग्ने झाली. उसाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

पण बांधापासून बांधापर्यंत ऊस झाला आणि ज्वारी दुकानातून येऊ लागली. डाळ किलोवर आली. तणनाशकाच्या फवाऱ्यात बांधावरची घोळ, पाथरी, चिवळ गेली. आणि न्याहारीच्या जागी चहा, बिस्किटे, खारी, टोस्ट येऊन बसले. खिशात पैसा आला आणि ताटातली विविधता मात्र गेली, असा हा उलटा व्यवहार झाला.

आठ कप चहाचा हिशेब

डॉक्टरांनी आम्हाला विचारले, “सकाळपासून काय काय घेता?” आम्ही सांगू लागलो. उठल्यावर एक, शेताकडे जाताना एक, गट ऑफिसात दोन, कोणाच्या घरी गेलो की एक. संध्याकाळपर्यंत आठ कप होतात. कपाला दोन चमचे साखर आणि चमचा ५ ग्रॅमचा धरला, तर नुसत्या चहातून ८० ग्रॅम साखर पोटात जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास सांगितली आहे. बिस्किटातली साखर आम्ही मोजलीही नव्हती.

कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर कमी खा म्हणून लिहायचे? होय, लिहायचे. आपला धंदा सभासदाच्या कपातल्या दुसऱ्या चमच्यावर चालत नाही. बाजारातल्या साखरेचा मोठा वाटा मिठाई, बिस्किटे आणि थंड पेये करणारे उचलतात. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करण्याची वाटही खुली केली. उलट सभासदच अंथरुणाला खिळला तर ऊस कोण लावणार? देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर गेल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आले. त्यात आपल्या गावची माणसेही आहेत.

आणखी एक गैरसमज काढायला हवा. साखरेऐवजी गूळ कितीही चालतो असे आपल्याकडे म्हणतात. गूळही बहुतांशी साखरच आहे. मधुमेह असलेल्याने गुळाचा चहा पिऊन स्वतःची फसवणूक करून घेऊ नये.

चहा नको म्हणणे मात्र फार अवघड गेले. “पाव्हणं आमच्यावर रागावलं का काय?” असे दोन-तीन ठिकाणी ऐकावे लागले. शेवटी तोड निघाली. आता आम्ही “गवती चहा आणि आलं टाकून कोरा करा, साखर नको,” असे मोकळेपणाने सांगतो. गवती चहाचे बेट प्रत्येकाच्या हौदापाशी असते. मान राहतो आणि पथ्यही राहते.

दुधाशिवाय ताकद येते का?

हा सर्वांचाच पहिला प्रश्न असतो. ताकदीला प्रथिने लागतात. ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. तूर, हुलगा, मूग, मटकी यांत २० ग्रॅमच्या वर असतात. गंमत अशी की ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत. भाकरीबरोबर पिठले ही आपल्या बायाबापड्यांनी घातलेली जोडी शास्त्रालाही मान्य आहे. वर सांगितलेल्या संस्थेच्या नमुना ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि ४०० ग्रॅम भाज्या-पालेभाज्या धरल्या आहेत. आपल्या आमटीत डाळ शोधावी लागते, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहून ठरवावे.

हाडांना चुना लागतो. नाचणीत तो १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि तिळात त्याहून पुष्कळ जास्त. धान्यातला चुना शरीरात दुधातल्यापेक्षा कमी भिनतो, म्हणून नाचणी-तीळ वरचेवर ताटात हवेत. लोहासाठी बाजरी, हुलगा आणि पालेभाजी. त्यावर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातले बरेच वाया जाते.

एक गोष्ट मात्र रानात पिकत नाही, आणि ती लपवून चालणार नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे मोठे आजारपण आले आणि त्यांना शेळीच्या दुधाचा आधार घ्यावा लागला. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. दुधाची जागा घेणारी वनस्पती आपल्याला सापडली नाही, अशी कबुली त्यात त्यांनी दिली आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, १९४८ साली, ब-१२ हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतून ते मिळत नाही. ते कमी पडले की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते. म्हणून दूध, दही, अंडी सगळेच सोडणाऱ्याने ब-१२ ची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावीच. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांचे दूध तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नये.

आमच्या घरची न्याहारी

आता प्रत्यक्ष काय करतो ते सांगतो. आठवड्यातून दोन दिवस मुगाचे धिरडे. वाटीभर हिरवे मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी मिरची, आले, जिरे, मीठ घालून वाटायचे आणि तव्यावर थोड्या तेलात पातळ पसरायचे. दोन दिवस मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भाकरी. एक दिवस भाजणीचे थालीपीठ, सोबत काकडी आणि जवसाची चटणी. एक दिवस नाचणीची आंबील. तिला ताक लागत नाही. पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवले की आंबते, सकाळी शिजवून मीठ, जिरे, लसूण घालायचे.

उरलेला दिवस हुलग्याच्या माडग्याचा. हुलगे खमंग भाजून दळून आणावेत. माणशी दोन मोठे चमचे पीठ थंड पाण्यात कालवावे, गुठळी राहू देऊ नये. आधणात सोडून लसूण, जिरे, मीठ घालून दहा मिनिटे हलवत शिजवावे. थंडीच्या दिवसांत टोळी यायच्या आधी हे गरम गरम पिऊन रानात गेले की दुपारपर्यंत बिस्किटाची आठवण होत नाही.

जेवणात ताकाऐवजी चिंचेचे किंवा आमसुलाचे सार, आणि दह्याच्या कोशिंबिरीऐवजी शेंगदाण्याचा कूट व लिंबू. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला रानात भज्जी करतात. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मिळतील तेवढ्या पालेभाज्या, चिंच आणि बेसन, असे सारे एका भांड्यात शिजते. ती भज्जी आम्ही आता महिन्यातून दोनदा करतो. सणाचे जेवण, पण दुधाचा थेंब नाही.

पहिले पंधरा दिवस सोपे गेले नाहीत. कडधान्य एकदम वाढवल्याने पोट फुगे. मग मोड आणून, नीट शिजवून, थोडे थोडे वाढवत नेले तेव्हा मानवले. दुसरी अडचण मोठी होती. आमच्या मंडळी एके दिवशी म्हणाल्या, “भाकरी पौष्टिक असते हे खरं, पण ती आपोआप थापली जात नाही.” त्यांचे बरोबर होते. घरचे खा म्हणणारा ओसरीवर बसतो आणि चुलीपुढे बाई. आता भिजत घालणे, वाटणे आणि भाजी निवडणे हे काम आमच्याकडे आहे. सुरुवातीला मुलगा हसला, आता तोही मेथी निवडायला बसतो.

चार महिन्यांनी उपाशीपोटीची साखर ११८ आली. त्यात डॉक्टरांच्या गोळीचा वाटा आहेच आणि ती चालू आहे. भाकरी खाल्ली म्हणून कोणी आपल्या मनाने गोळी सोडू नये. सूनबाईंचे पोटही आता शांत आहे. म्हशीचे दूध पूर्वीसारखेच डेअरीला जाते, त्यात बदल नाही.

एक पट्टा चुलीला

पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो ज्वारी धरली तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागते. पाण्याखालच्या पाऊण एकरात रब्बीची ज्वारी तेवढी देते. खोडवा निघाल्यावर ते रान लगेच उसाला न देता पावसाळ्यात मूग-उडीद आणि मागून ज्वारी घेतली, तर चुलीचेही भागते आणि जमिनीलाही विसावा मिळतो. कडबा जनावरांना होतो तो वेगळाच.

तेवढे रान मोकळे ठेवणे परवडत नसेल त्यांनी जोडओळ पद्धतीने लागण करावी. तीन-सहा फुटांच्या लागणीत सहा फुटांचा पट्टा सुरुवातीचे काही महिने रिकामाच असतो. आडसालीत भुईमूग किंवा सोयाबीन, पूर्वहंगामीत हरभरा, सुरूत भुईमूग, मेथी, कोथिंबीर घ्यावी. द्विदल पिकाने जमिनीला नत्रही मिळते. मात्र उसात नेहमी मारतो ती टू-फोर-डी किंवा ॲट्राझिनसारखी तणनाशके त्या पट्ट्यात मारू नयेत. ती आंतरपीक जाळतात. फवारलेल्या रानातली घोळ-पाथरीही खुडून आणू नये.

पाच माणसांना वर्षाला दीड क्विंटल डाळी-कडधान्य लागते. त्यातले निम्मे जरी आपल्या पट्ट्यातून आले तरी दुकानदाराच्या वहीत आपले पान हलके होईल.

प्रत्येकाने दूध सोडावे असे आमचे सांगणे नाही. ज्याला पचते त्याने अवश्य घ्यावे. पण बिस्किटाचा पुडा बंद करून सकाळी एक घरची न्याहारी, साखरेचा एक चमचा कमी आणि आमटीत हाताला लागेल एवढी डाळ, एवढे तर प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. येत्या लागणीच्या वेळी सरी ओढताना घरच्या लक्ष्मीला एकदा विचारा, “यंदा पट्ट्यात काय लावू?” ती जे सांगेल ते लावा.