ऑक्युपेशनल थेरपी: यादीतला न वाचलेला पर्याय

नीटचा निकाल लागला की खडकी बाजारात दोनच प्रश्न ऐकू येतात. "किती पडले?" आणि "मग आता रिपीट का?" ७२० पैकी तीनशेच्या आसपास घुटमळलेल्या पोरांना तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. शेजारच्या काकूंच्या मुलीचं तेच झालं. एमबीबीएस हुकलं, दातांच्या डॉक्टरकीत मन नाही. पर्यायांच्या यादीत खाली कुठेतरी 'बीओटीएच', म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, होतं. "हे काय, ऑफिसातलं काही आहे का?" काकूंनी विचारलं.

खडकीत तरी हा प्रश्न पडायला नको. इथलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासूनचं. मणक्याला इजा झालेले जवान तिथे राहतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. त्याहून जुनी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या हाताला काही कसब यावं म्हणून ती १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि पुढे खडकीला आली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी मूठभर मंडळींनी ऑक्युपेशनल थेरपीची तिथली पहिली संघटना काढली. दोघांना एकमेकांची खबरही नसावी, पण काम हेच औषध ही कल्पना दोन्हीकडे होती.

फिजिओथेरपिस्ट खांदा हलता करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो, त्या हातानं तुम्हाला करायचंय काय? अर्धांगवायूनंतर एका हातानं शर्टाची बटणं कशी लावायची, पोळपाट सरकू नये म्हणून खाली काय घालायचं, भाजून आखडलेल्या बोटांना कोणता स्प्लिंट बांधायचा, स्वमग्न मुलाला वर्गातला गोंगाट कसा सोसेल. औषधाची चिठ्ठी नाही, इंजेक्शन नाही, म्हणून आपल्याकडे हे 'डॉक्टरी' वाटत नाही.

हे शिक्षण आपल्याकडे आणलं ते एका मराठी घरच्या सुनेनं. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. चाळिशी उलटल्यावर त्यांनी अमेरिकेत जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली शाळा सुरू केली. तेव्हा एक वर्ष वाया गेलं म्हणून डोक्याला हात लावणाऱ्या पालकांनी हा हिशेबही मांडून पाहावा.

आता गुणांचं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं. खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना सवलत. गुणवत्ता यादी राज्याचा सीईटी कक्ष नीटवरूनच लावतो, पण एमबीबीएसची रेषा इथे लागू नाही. ती इथल्यापेक्षा खूप वर असते. मुंबई महापालिकेच्या केईएम, सायन, नायर या महाविद्यालयांत शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी, म्हणून तिथे चढाओढ जास्त. खासगीत यादी आणखी खाली उतरते. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून कागद गुंडाळू नयेत. वरची मुलं एमबीबीएस, बीएएमएसकडे सरकली की खालची यादी हलते. मुलं मात्र पर्याय भरताना हा रकानाच कोरा ठेवतात, आणि न भरलेल्या पर्यायावर कुठल्याच फेरीत जागा मिळत नाही. अट आणि तारखा दर वर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून त्या क्लासवाल्याच्या तोंडून न घेता माहितीपुस्तिकेतूनच घ्याव्यात.

अमेरिकेत गणित उलटं. २००७ पासून तिथे या व्यवसायात शिरायला पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे प्रवेशाला पदवीचा जीपीए बघतात आणि बऱ्याच ठिकाणी ३.० ची रेष असते. न्यू जर्सीतल्या आपल्या एखाद्या पुतणीचा जीपीए २.७ असेल, तर शरीररचनाशास्त्र किंवा संख्याशास्त्र पुन्हा देऊन सुधारता येतो. पण तिथली सामाईक अर्जव्यवस्था जुना आणि नवा, दोन्ही प्रयत्नांचे गुण धरते. एका चांगल्या ग्रेडनं जुना डाग पुसत नाही, फिका होतो. काही विद्यापीठं शेवटच्या सत्रांकडे जास्त लक्ष देतात, काही थेरपिस्टसोबत घालवलेल्या तासांची नोंद मागतात. आपल्याकडे असे तास कुणी मागत नाही, ही मला आपल्या पद्धतीतली मोठी उणीव वाटते. साडेचार वर्षांच्या अभ्यासाला, त्यातल्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला मुलं अनेकदा एकही रुग्ण न पाहता येतात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा नीटची पुस्तकं काढून बसतात.

म्हणून काकूंना एवढंच सांगितलं, अर्ज भरण्याआधी लेकीला एखाद्या रुग्णालयातल्या ओटी विभागात अर्धा दिवस बसू द्या. मात्र तिथे 'ओटी' म्हटलं की लोक ऑपरेशन थिएटरचा रस्ता दाखवतात, तेव्हा नाव पूर्ण विचारा. ती गेली. एका आजोबांना कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला वीस मिनिटं लागली, तेवढा वेळ शेजारी बसून होती. पर्यायांच्या अर्जात तिनं बीओटीएच वर घेतलंय. काकू मात्र सगळ्यांना अजून "फिजिओ करतेय" असंच सांगतात.