व्ह्वास्त, प्यॉत्र ऑदम्येन्येत्स

(२५ जुलै १८७६–८ मार्च १९४९). पोलिश कवी व समीक्षक. मूळ नाव मार्या कॉमॉर्नित्स्का. जन्म ग्राबुफ येथील जमीनदार कुटुंबात. १८९४ मध्ये काही महिने केंब्रिजच्या न्यूनॅम महाविद्यालयात वास्तव्य. त्याच वर्षी श्कित्से (म. शी. रेखाचित्रे) हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. नाऊकॉफ्स्की व येलेंटा ह्यांच्या सहकार्याने लिहिलेल्या फॉर्पॉच्ती (१८९५, म. शी. आघाडीच्या चौक्या) ह्या ग्रंथामुळे ‘तरुण पोलंड’ ह्या आधुनिकतावादी संप्रदायात मार्याला मान्यता लाभली. कवी यान लेमान्स्की ह्याच्याशी १८९८ मध्ये झालेला विवाह अल्पकाळच टिकला. बाश्न्ये. प्साल्मॉद्ये (१९००) हा संग्रह आणि ब्येसी (१९०३, म. शी. पिशाच्चे) ही गद्यकृती ह्या काळातील महत्त्वाच्या होत.

१९०७ मध्ये पॉझ्नान येथील एका हॉटेलात मार्याने आपली स्त्रीवेशातील वस्त्रे जाळली व आपण पुरुष असल्याचे घोषित केले. स्वीकारलेले नाव घराण्याचा पूर्वज मानल्या गेलेल्या बाराव्या शतकातील एका सरदाराचे होते. त्यातील ‘ऑदम्येन्येत्स’ ह्याचा अर्थ ‘निराळा’ वा ‘पालटलेला’. कुटुंबियांनी हे वेड ठरविले. १९१४ पर्यंतचा काळ मनोरुग्णालयांत गेला. त्यानंतर ग्राबुफ येथे राहून व्ह्वास्तने एक विस्तृत काव्यग्रंथ रचला. तो त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिला. वॉर्सानजीक इझाबेलिन येथे तो निधन पावला.

ह्या लेखकाचा निर्देश कसा करावा, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. मराठीतील ‘मी गेलो’, ‘मी गेले’ ह्यांप्रमाणे पोलिशमध्येही प्रथमपुरुषी भूतकाळी क्रियापदातून बोलणाऱ्याचे लिंग व्यक्त होते. त्यामुळे प्रत्येक वाक्यात निवड करणे अटळ ठरते. जुन्या समीक्षकांनी १९०७ हे वर्ष वाङ्‌मयीन कारकीर्दीचा अंत मानले. मार्या यान्यॉन (१९२६–२०२०) हिने १९८२ च्या निबंधात ह्या रूपांतराचा गांभीर्याने विचार केला. ईझाबेला फिलिप्याक हिचा ह्या विषयावरील ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ह्या कृतीत स्त्रीवर लादलेल्या मर्यादांविरुद्धचे बंड दिसते, तर काही अभ्यासक व्ह्वास्तच्या स्वतःच्या शब्दाला प्रमाण मानून त्याचा पुल्लिंगी निर्देश करतात. पहिल्या मतात त्याचे स्वतःविषयीचे विधान रूपक ठरते, दुसऱ्यात ते अक्षरशः स्वीकारले जाते. मात्र १९०७ नंतरचे लेखन हे रुग्णाचा प्रलाप नसून साहित्यच आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.