पावसावर ठरणारा सेल

बुलढाणा जिल्ह्यात कापडाच्या दुकानावर ‘भव्य सेल’चा फलक चढला की गिऱ्हाईक टक्के बघतं, शेजारचा व्यापारी महिना बघतो. आषाढातला फलक असेल तर त्याला काही वाटत नाही, तो दरवर्षीचाच. पण दिवाळीला आठ दिवस असताना ‘एकावर एक’ची पाटी लागली, तर तो ओळखतो की या वर्षी सोयाबीन भिजलं किंवा बाजार समितीत भाव पडला, आणि भरलेला माल अंगावर आला. या भागात स्वस्ताईची तारीख दुकानदाराच्या हातात फारशी नसते. ती पाऊस ठरवतो, शेतमालाचा मोंढा ठरवतो आणि उरलेली पंचांग ठरवतं.

चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, कुठल्याही तालुक्याच्या गावी मुख्य बाजारपेठेत असं एक दुकान असतंच. नावात ‘वस्त्रालय’, ‘कलेक्शन’ किंवा ‘साडी सेंटर’. दुसरा मजला चढला, दारात काच बसली, एका कोपऱ्यात स्टीलची भांडी, डबे, कुकर आणि प्लास्टिकच्या बादल्या आल्या, की गावाच्या तोंडी त्याचा ‘मॉल’ होतो. साड्या शक्यतो तळमजल्यावर, कारण नातीच्या लग्नाची खरेदी करायला आलेल्या आजीला जिना चढवत नाहीत. पांढरी चादर अंथरलेली गादी, एका बाजूला गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला साडी उलगडणारा पोऱ्या. वर पँटपीस-शर्टपीस, रेडिमेड, लहान मुलांचे कपडे. मागे टॉवेल, पंचे, चादरी, सतरंज्या, मच्छरदाण्या आणि ब्लँकेटं. शाळेचा गणवेश आणि नवरीचा शालू एकाच छपराखाली मिळतो आणि बिलही एकाच गल्ल्यावर होतं.

बाहेरच्या माणसाला हा जिल्हा एक वाटतो; कापडवाल्याला तो दोन दिसतो. घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. राजूर घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आलं की हवा बदलते आणि दुकानाची मांडणीही बदलते. घाटावर स्वेटर, कानटोप्या आणि जाड ब्लँकेटं दिवाळी संपता संपता पुढच्या फळीवर येतात. खाली तीच थंडी उशिरा येते आणि लवकर जाते, म्हणून तिथला दुकानदार लोकर मोजूनमापून भरतो आणि सुती चादरी, पंचे, बंड्या जास्त ठेवतो. रेल्वेही फक्त घाटाखालीच. सुरतेचा माल तापीच्या खोऱ्यातून भुसावळ गाठून मलकापूर-शेगावच्या मार्गाला लागतो. घाटावरच्या व्यापाऱ्याला त्याच मालावर ट्रकचं भाडं चढवावं लागतं.

माल येतो तरी कुठून? साड्या सुरतेहून, पँट-शर्टाचं कापड भिलवाडा आणि भिवंडीहून, बनियन-अंडरवेअर तिरुपूरहून, लोकरीचे कपडे लुधियान्याहून. जाड चादर म्हटली की सोलापूर. मलकापूरपासून जवळच, मध्य प्रदेशच्या हद्दीत, बऱ्हाणपूर आहे. ते मोगलाईपासून विणकरांचं गाव. तिथल्या यंत्रमागाचं स्वस्त कापड घाटाखालच्या बाजाराला नवं नाही.

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला कापड बाहेरून आणावं लागतं, यामागे दीडशे वर्षांपूर्वीचा एक हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला आणि उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्या काळचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी असे फाटे कशासाठी हवेत ते अहवालात उघडच मांडलं होतं. रेल्वे आली की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, सूतकताईत अडकणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि विणणारे हात शेतमजुरीला लागतील. झालंही तसंच. गाठी गेल्या त्या रुळांवरून कापडाचे तागे आले. वऱ्हाडातला पहिला मोठा ‘सेल’ म्हणायचा तर तोच. त्यात सवलत मिळाली गिऱ्हाइकाला आणि दुकान बसलं कोष्ट्याचं.

आता दुकानाचं वर्ष. ते जानेवारीत सुरू होत नाही, अक्षय तृतीयेला होतं. त्याच संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. त्यावर विसंबून ऑर्डर देणारा व्यापारी विरळा. पण भाकीत काय आलं हे न विचारणाराही विरळाच, कारण गिऱ्हाईक त्यावर बोलणार असतं.

लग्नसराईत दुकान बस्त्यावर चालतं. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं गाडी करून येतात, हातात यादी. नवरीचा शालू, नवरदेवाचा सूट, करवल्यांच्या साड्या, मग टॉवेल-टोप्या, उपरणी आणि शेवटी देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा. ही देण्याघेण्याची साडी म्हणजे स्वतंत्र माल. ती नेसण्यासाठी कमी आणि फिरण्यासाठी जास्त घेतली जाते. या लग्नात आलेली पुढच्या बारशाला जाते, तिथून कुणाच्या ओटीत. म्हणून तिची घडी मोडलेली चालत नाही आणि तिच्यावरची पिशवी मात्र चकचकीत लागते. दुकानदार बस्त्याला चहा देतो, मोठा बस्ता असला तर जेवणही. घासाघीस साडीसाडीवर होत नाही, सगळी बेरीज झाली की मुलीचा मामा पुढे सरकतो आणि म्हणतो, “भाऊ, वरचे सोडा, अन् मांडवातल्या बायांसाठी दोन साड्या तुमच्याकून.” दोन साड्या सुटतात. त्या सुटणार हे बेरजेत आधीच धरलेलं असतं.

किती सोडायचं हे पोऱ्याला कसं कळतं? साडीच्या चिठ्ठीवर छापील किमतीखाली पेनाने चार अक्षरं लिहिलेली असतात. जुन्या दुकानांत घराण्याचा एक सांकेतिक शब्द किंवा वाक्य ठरलेलं असतं. त्यात दहा वेगवेगळी अक्षरं. पहिलं म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, शेवटचं शून्य. ती चार अक्षरं म्हणजे खरेदीची किंमत. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना गल्ल्यावरचा शेठ आणि उलगडणारा पोऱ्या एकमेकांशी काही न बोलता तळ गाठू शकतात. आता बारकोड आला, कॉम्प्युटर आला, तरी अनेक ठिकाणी पेनाची अक्षरं सुटलेली नाहीत, कारण बारकोड वाचायला उठून जावं लागतं आणि तेवढ्यात गिऱ्हाईकही उठतं.

जून उजाडला की गणवेश. यात सरकारही गिऱ्हाईक असतं. सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत गणवेश मिळतो. एका गणवेशाला ३०० रुपये, वर्षाला दोन. शाळा व्यवस्थापन समिती खरेदी करते तेव्हा हा पैसा गावच्या दुकानात आणि गावच्या शिंप्याकडे जातो. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकगठ्ठा घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे दिली. गणवेश उशिरा आले, मापं चुकली, अशा तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षी अधिकार पुन्हा समित्यांकडे गेला. राज्यात हा धोरणातला बदल. तालुक्याच्या दुकानात खाकी आणि निळ्या कापडाचे ठाण वर्षभर पडून राहण्याचा प्रश्न.

मग आषाढ. लग्नं थांबतात, पेरणीत पैसा अडकतो, रस्त्यावर चिखल. दुकानात माणूस नाही. या मोकळ्या महिन्यात खरा सेल लागतो. लग्नसराईत उरलेले रंग, सुटी मापं, तागा संपताना राहिलेले कटपीस, डाग पडलेले ‘सेकंड’ टेबलावर ढिगाने येतात. ढीग मुद्दाम विस्कटलेला ठेवतात. नीट घडी घातलेल्या मालाला बायका हात लावायला बिचकतात, विस्कटलेल्यात मनसोक्त शोधतात. ढिगातला सगळाच माल जुना असतो असं मात्र नाही. खास सेलसाठी विणलेला हलका माल सुरतेत मिळतो आणि तो उरलेल्या चांगल्या मालात मिसळला जातो. जाणत्या बाईची पारख इथं कामाला येते. ती पदर बघत नाही, काठाची उलटी बाजू बघते, चिमटीत कापड चुरगळून सोडते आणि निऱ्यांना किती मीटर उरतंय ते हाताने मोजते.

पंचांग कधी कधी हा क्रम उलटा करतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो. ऐन लग्नसराईत लग्नं बंद. पण तोच धोंड्याचा महिना, जावयाला वाण आणि कपडे देण्याचा. शालूचा धंदा जातो, पँट-शर्टाच्या बॉक्सचा येतो. दर तीन वर्षांनी येणारी ही उलथापालथ ज्याने ऑर्डर देताना धरली नाही, त्याचा आषाढ सेल मोठा होतो.

सगळ्यात मोठी जुगारी खरेदी दिवाळीची. तिची ऑर्डर पाऊस नीट कळायच्या आत, जून-जुलैत, सुरतेच्या एजंटाकडे नोंदवावी लागते आणि पैसे दोन-तीन महिन्यांच्या वायद्यावर द्यायचे असतात. इकडे गिऱ्हाईकही वायद्यावरच असतं. पूर्वी तो वायदा कापसाचा होता. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. मग सरकारकडून कापसाच्या पैशांचा चुकारा कधी येतो याकडे शेतकऱ्याइतकंच कापडवाल्याचंही लक्ष असे, कारण उधारीच्या वहीतली निम्मी नावं त्या चुकाऱ्याला टांगलेली. पुढे घाटावर सोयाबीन पसरलं. तीन-साडेतीन महिन्यांत निघणारं हे पीक दिवाळीच्या तोंडावर रोख देतं, आणि दुकानाचा हंगाम त्याच्याभोवती फिरू लागला.

रोख देतं, पण किती? २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खुल्या बाजारात भाव त्याच्या बराच खाली राहिला आणि सरकारी खरेदी ओलाव्याच्या अटीत अडकली. २०२५ मध्ये तर मोठाच योगायोग झाला. २२ सप्टेंबरला घटस्थापना, आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. आधी १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि पुढे १२ टक्के कर होता, म्हणून दुकानात ९९९ च्या पाट्या जास्त दिसत. आता ५ टक्क्यांची मर्यादा २,५०० रुपयांपर्यंत गेली. कागदावर सणाला याहून चांगली भेट नव्हती. त्याच महिन्यात राज्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टीने उभी पिकं पाण्यात गेली. कर कमी झाला तेव्हा गिऱ्हाइकाचा पैसा शेतात भिजत होता.

पिकाशी न बांधलेला पैसाही अलीकडे येतो. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले. रक्कम लहान, पण ती ज्या खात्यात येते ते खातं साडी, मुलांचे कपडे आणि घरातली भांडी घेणाऱ्या हाताचं आहे. दुसरीकडे मोबाइलवरची खरेदी खेड्यात पोचली. दोन-तीनशेची कुर्ती घरपोच येते आणि न आवडल्यास परतही जाते. साखळी दुकानांचे सेल महिनोन्‌महिने आधी मुख्यालयात ठरतात. पुण्याला ज्या दिवशी लागतात त्याच दिवशी इथंही. स्वस्तपणात त्यांच्याशी बरोबरी करणं तालुक्याच्या दुकानाला जड आहे.

तरीही हे दुकान टिकून आहे ते दोन कारणांनी. पंधरा माणसांचा बस्ता मोबाइलवर होत नाही. तिथं मामाचा मान, आजीचा हट्ट आणि करवलीचा रुसवा एकाच गादीवर मिटवावा लागतो. दुसरं कारण वहीतलं. सोयाबीन बुडालेल्या वर्षी मुलीचं लग्न पुढे ढकललं नाही, तर बस्ता उधारीवर बांधून देणारा माणूस फक्त हाच दुकानदार असतो. अर्थात हा उपकार नव्हे. उधारीचं व्याज तो भावात धरतो, आणि उधारीवाल्या घराला सेलचा भाव सहसा मिळत नाही. रोख असणाऱ्याला स्वस्त आणि नसणाऱ्याला महाग, हा जुना नियम इथंही चालतो.

म्हणून खरेदी करणाऱ्याने पावसाकडे आणि मोंढ्याकडे पाहावं. ब्लँकेट घाटाखाली थंडी ओसरताना घ्यावं, देण्याघेण्याच्या साड्या आषाढात, आणि पीक हुकलेल्या वर्षी हाती रोख असेल तर दिवाळीची खरेदी शेवटच्या चार दिवसांवर ठेवावी. आणि तेव्हा फलकावरचे ४० टक्के वाचताना एवढं ध्यानात ठेवावं, की त्यातले काही दुकानदाराच्या चुकलेल्या अंदाजाचे आहेत, पण बरेचसे शेजारच्या शिवारातल्या पिकाचे आहेत.