यूएनची इंटर्नशिप: नोकरी नाही, आणि फीसुद्धा नाही

गेल्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळी एका माजी विद्यार्थिनीचे अब्बू आम्हाला भेटायला आले. मुलगी एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. 'संयुक्त राष्ट्रांत रिसर्च इंटर्नशिप, नोंदणी फी ३५ हजार' असं त्यावर छापलेलं. पहिला हप्ता देऊन झाला होता. त्यांनी आम्हाला एकच विचारलं, "सर, ये नौकरी है क्या?"

नोकरी नाही. आणि जे काही आहे त्याला एक रुपयाही फी लागत नाही. अर्ज, मुलाखत, निवड, प्रशिक्षण, कुठल्याच टप्प्यावर संयुक्त राष्ट्रे उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. जो मागतो तो त्यांचा माणूस नाही, एवढं आधी पक्कं लक्षात ठेवा. आता ही इंटर्नशिप असते तरी काय, ते सांगतो.

'मानव विकास' हे शब्द आपल्याकडे अनेक मुलींना पाठ आहेत, कारण तालुक्याच्या शाळेत नेणाऱ्या निळ्या एस.टी.वर ते लिहिलेले असतात. या शब्दांची जगभर ओळख झाली ती १९९० मध्ये. त्या वर्षी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने, म्हणजे यूएनडीपीने, पहिला मानव विकास अहवाल काढला. त्याचे शिल्पकार पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक, आणि सोबतीला त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र अमर्त्य सेन. देश किती कमावतो एवढंच न बघता माणूस किती जगतो, किती शिकतो आणि बऱ्यापैकी जगण्याइतकं त्याच्याकडे आहे का, हे मोजायचं ठरलं. सगळं एका आकड्यात कोंबणं सेन यांना सुरुवातीला पटत नव्हतं. हक यांचं म्हणणं असं, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याशी टक्कर घ्यायची तर आपल्याकडेही आकडाच हवा. तोच मानव विकास निर्देशांक. २०२५ च्या अहवालात १९३ देशांमध्ये भारत १३० वा आहे.

त्या अहवालातली एक गोष्ट आपल्या घरांना फार लागू पडते. पंचवीस आणि त्यापुढच्या वयाच्या भारतीयांचं सरासरी शिक्षण जेमतेम सात वर्षं, आणि आज शाळेत पाय ठेवणाऱ्या मुलाकडून अपेक्षित शिक्षण तेरा वर्षांच्या आसपास. दादी चौथी पास आणि पोती एम.ए., हे चित्र आपल्याला नवीन नाही. हा फरक कुठे पडला, कुठे अडला, मुलींचं काय झालं, हे शोधणं म्हणजेच या क्षेत्रातलं संशोधन.

इंटर्नचं काम त्यात खालच्या पायरीचं असतं, पण खरं असतं. एखाद्या विषयावर आधी काय लिहिलं गेलंय ते वाचून चार पानांत मांडायचं, वेगवेगळ्या देशांचे तक्ते जुळवायचे, चुकलेला आकडा पकडायचा, आलेख काढायचे. दोन देशांत 'शाळेत जाणारा' याची व्याख्याच वेगळी असेल तर तुलना कशी करणार? असल्या प्रश्नांवर दिवस जातात. (आम्ही मास्तर यू-डायसची माहिती भरताना दरवर्षी कुरकुरतो. पण शिक्षणाची सरकारी आकडेवारी उभी राहते ती शाळाशाळांतल्या त्याच नोंदींवर.)

यूएनडीपीसाठी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे आणि पदव्युत्तर विद्यार्थी अर्ज करू शकतात. शिक्षण संपलं असेल तर एका वर्षाच्या आत इंटर्नशिप सुरू व्हायला हवी. मुदत साधारण सहा आठवडे ते सहा महिने. जागा यूएनडीपीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निघतात, त्यात घरबसल्या करायच्याही असतात. मुलीला एकटीला परदेशी पाठवायचं की नाही, या वादात अर्जच राहून जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पैशाचं मात्र नीट ऐका. दुसरीकडून मदत नसलेल्या इंटर्नला यूएनडीपी थोडा भत्ता देते, पण तो राहण्याखाण्याच्या खर्चाचा एक भागच भागवतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात तर भत्ताच नाही. तिकीट, व्हिसा, विमा ज्याचा त्याने बघायचा. २०१५ मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा इंटर्न तंबूत राहत होता, त्याची जगभर बातमी झाली. आमचं स्पष्ट मत आहे, की बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे खात्यापित्या घरच्या मुलांना दिलेली पुढची रांग. गरिबी मोजणाऱ्या संस्थांनाच हे दिसू नये, याचं वाईट वाटतं. कर्ज काढून न्यूयॉर्कला जाऊ नका. भत्ता असलेली किंवा घरून करायची जागा आधी बघा. नीती आयोगाचीही इंटर्नशिप असते. तिथेही पैसे मिळत नाहीत, पण दिल्ली न्यूयॉर्कपेक्षा जवळ.

तयारी आजपासून घरात होऊ शकते. एक्सेल चांगलं यायला हवं, आणि 'आर' हे संगणकावरचं साधन फुकट मिळतं, तेही शिकावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हावार तक्ते सगळ्यांना खुले आहेत. आपल्या जिल्ह्याचे तक्ते काढायचे, शेजारच्या जिल्ह्याशी ताडून बघायचे आणि दोन पानं इंग्रजीत लिहायची. उर्दू माध्यमातल्या मुलांना हे इंग्रजी लेखन जड जातं, आम्हालाही जायचं. दर आठवड्याला एक पान लिहिलं तर वर्षभरात हात बसतो. अजून एक. फॉर्ममध्ये भाषा विचारतात आणि अरबी संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी आहे, म्हणून काही मुलं बिनधास्त 'अरबी येते' लिहितात. नाझरा वाचता येणं वेगळं आणि अरबीतला अहवाल समजणं वेगळं. मुलाखतीत ते लगेच उघडं पडतं. उर्दू, मराठी, हिंदी येते, ते लिहा. गावागावांतली माहिती समजून घ्यायला त्याच भाषा लागतात.

त्या अब्बूंना आम्ही तिथेच मोबाईलवर मूळ पान उघडून दाखवलं. दुसरा हप्ता त्यांनी भरला नाही. पहिला परत मिळवण्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, अजून काही हाती आलेलं नाही. मुलगी सध्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलींच्या शिक्षणावर ती दोन पानं लिहितेय. पहिला खर्डा आम्ही तपासला, लाल शाई बरीच लागली. दुसरा शुक्रवारी आणणार आहे.